टाकीतला गाळ नळात न उतरवता कसा काढावा

नळाची धार बारीक झाली, पाण्यात कण दिसू लागले की पहिला सल्ला मिळतो तो नळाच्या तोंडाला फडकं बांधण्याचा. त्याने कण अडतात, पण ते कुठून येतात हे कळत नाही. आधी नळाची जाळी सोडवा आणि तिच्यात अडकलेलं तळहातावर घेऊन बोटाने चोळा. काळं, रबरासारखं, बोटाला डाग लावणारं असेल तर ते वॉशरचं किंवा बेसिनखालच्या लवचिक नळीच्या अस्तराचं. ती बदला, टाकीला हात लावू नका. लालसर पापुद्रे म्हणजे जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा गंज. लिंबाच्या रसात फसफसणारे पांढरे कण क्षाराचे, बहुतेक वेळा गीझरमधले. मऊ तपकिरी गाळ किंवा बारीक रेती असेल, तर मात्र गच्चीवर चढा.

आदल्या दिवसापासून टाकी भरू नका. वापरून वापरून तळाशी वीतभर पाणी उरू द्या.

आता जे सगळेजण करतात आणि जे अजिबात करू नये ते. वरून पाइपने जोराचा मारा करायचा, ब्रशने तळ खरवडायचा आणि खालचे नळ उघडे ठेवायचे, म्हणजे ‘सगळं वाहून जातं’. कुठे जातं? टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपचं तोंड तळापासून थोडं वर ठेवलेलं असतं, ते गाळ खाली बसून राहावा म्हणूनच. तुम्ही तो ढवळलात की तो घरात उतरतो. मग वॉशिंग मशीनच्या इनलेटची जाळी तुंबते, गीझरमध्ये थर साचतो, फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पाणी रात्रभर झिरपत राहतं. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे, की टाकी धुणाऱ्या माणसालाही आता मी आधी घरात उतरणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह दाखवतो.

तो व्हॉल्व्ह बंद करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जुन्या गेट व्हॉल्व्हच्या खाचेत रेती अडकलेली असते; चाक शेवटपर्यंत फिरतं, पाणी मात्र चालूच राहतं. म्हणून टाकीच्या आतून त्या तोंडात जुन्या सुती धोतराची घट्ट गुंडाळी बसवा. तिचं लांब टोक बाहेर लोंबतं ठेवा, नाहीतर बोळा आत ओढला गेला तर पाइप कापावा लागतो.

गाळ काढायला इंची नळी घ्या, अर्ध्या इंचाची तुंबते. नळी पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, एक टोक तळाशी आणि दुसरं टाकीच्या तळापेक्षा बरंच खाली, पन्हाळीत सोडा. तोंडाने ओढू नका. आतलं टोक केरसुणी फिरवावी तसं सावकाश तळावरून फिरवा. घाई केली की पाणी गढूळ होतं आणि पुन्हा तासभर थांबावं लागतं. गाळ निघाल्यावरच नायलॉनच्या ब्रशने भिंती घासा, दोन बोटं पाणी घेऊन तेही नळीनेच काढा, उरलेलं फडक्याने टिपा. तारेचा ब्रश नको, ॲसिड तर नकोच: ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. जमिनीखालच्या टाकीत स्वतः उतरू नका. तिथल्या कोंडलेल्या हवेने माणसं दगावली आहेत.

निर्जंतुक करायचं तर 1000 लिटरला 33 टक्के क्लोरीनची सुमारे 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवा, निवळू द्या, फक्त वरची निवळी ओता. खालचा चुना टाकीत गेला तर तुम्हीच नवा गाळ घातलात. रात्रभर ठेवून सगळं पाणी नळीने बाहेर काढा, ते वापरायचं नाही.

बोळा काढा, टाकी भरा. गीझर, वॉशिंग मशीन आणि प्युरिफायरचे अँगल कॉक (भिंतीतून त्यांना पाणी सोडणारे छोटे कॉक) बंदच ठेवा. सगळ्या नळांच्या जाळ्या काढून सर्वांत खालचा नळ आधी पूर्ण सोडा, पाणी स्वच्छ आलं की वरचे एकेक. जाळ्या लिंबाच्या रसात भिजवून लावा. अँगल कॉक शेवटी उघडा.

नगरपालिकेने पाइपलाइन दुरुस्त केली असेल, तर पहिलं गढूळ पाणी टाकीत चढू देऊ नका. अंगणातल्या नळाने जाऊ द्या. टाकीच्या इनलेटवर वाय-स्ट्रेनर (Y आकाराची, आत जाळी असलेली गाळणी) बसवून घ्या आणि त्याची जाळी दर महिन्याला धुवा.