शेतघर, शोषखड्डा, फळबाग: रोहिणीच्या आत जमिनीचं पोट बघून घ्या

शेतात घर बांधायचं, शौचालयाची टाकी बसवायची आणि उरलेल्या जागेत आंबा-मोसंबी लावायची असेल, तर मातीची परीक्षा मे संपण्याआधी उरका. वरची काळी माती बघून काहीच ठरवू नका. एका एकरात एका बांधाला दोन फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्या बांधाला दहा फूट काळी निघते. म्हणून घराच्या, टाकीच्या आणि बागेच्या जागी एकेक खड्डा खणा. खोली दीड मीटर पुरते. भेगाळलेल्या काळीचे काठ ढपल्यांनी सुटतात, त्यामुळे तेवढ्या खोल खड्ड्यात एकट्याने उतरू नका.

खड्ड्याची एक बाजू खुरप्याने साफ तासली की थर दिसतात: काळी, तिच्याखाली बहुधा चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम किंवा कच्चा दगड. प्रत्येक थराची खोली टेपने मोजून लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत शोषखड्ड्यात, म्हणजे शौचालयाच्या टाकीचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात होते. उन्हाळ्यात काळीला भेगा असतात, ओतलेलं पाणी घटकेत गायब होतं आणि गवंडी म्हणतो, ‘जमीन छान पिते.’ पावसात माती फुगते, भेगा मिटतात आणि शौचालयाचं पाणी उलटं भांड्यात येतं. म्हणून पाझर ओल्या मातीतच मोजायचा. शोषखड्ड्याचा तळ जिथे येणार तिथवर खणा आणि तळाशी 30 सेंमी रुंद छोटा खड्डा घ्या. त्यात 5 सेंमी खडी टाकून वर 30 सेंमी पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पाणी शिल्लक असेल तर पातळी खडीच्या वर 15 सेंमी ठेवून अर्ध्या तासात ती किती मिमी उतरते ते बघा. सगळं मुरलं असेल तर 15 सेंमीपर्यंत भरत, दर अर्ध्या तासाला मोजत चार तास काढा आणि शेवटचा आकडा धरा.

750 ला त्या मिमीने भागा, म्हणजे पाणी 25 मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते कळतं. उत्तर 30 च्या आत आलं तर शोषखड्डा चालतो. 30 ते 60 आलं तर खडी भरलेले उथळ लांब चर घ्या. अर्ध्या तासात पाणी 10 मिमीच उतरलं तर उत्तर 75 येतं. तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. टाकीचं पाणी खडीच्या उलट्या गाळणीतून (जिच्यात पाणी खालून वर चढतं) कर्दळीच्या वाफ्यात सोडा. काळीत दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर विटांच्या बाहेरून 30 सेंमी वाळू किंवा बारीक खडीचा वेढा द्या.

कोकणच्या जांभ्यात अडचण नेमकी उलटी. पाणी इतक्या झपाट्याने उतरतं की गाळलं न जाताच विहिरीत पोचतं. विहिरीपासून 18 मीटर हे किमान अंतर. जांभ्यात आणि फुटक्या कातळात याहून लांब जा, तेही उताराच्या खालच्या अंगाला.

घरासाठी माती किती फुगते हे बघायचं. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती 100 मिलीच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरून ढवळा आणि 24 तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. तिथे 10 मिलीवर बसलेली माती पाण्यात 15 च्या वर गेली, तर पाया काळीत ठेवू नका, मुरमापर्यंत न्या. मुरूम फारच खोल असेल तर अभियंत्याकडून पाइलचा (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा) पाया काढून घ्या. खणलेली काळी परत जोत्यात भरणं ही नेहमीची चूक, कारण ती फुगून फरशी उचलते. जोत्यात मुरूमच भरा. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरलं की कडेची माती फुगते, मधली कोरडी राहते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. त्यासाठी भिंतीभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा हवा.

बागेच्या खड्ड्यातून 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमी असे तीन वेगळे नमुने प्रत्येकी अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सूक्ष्मअन्नद्रव्यं तपासायची असतील तर प्लास्टिकचं घमेलं वापरा. लोखंडाचा अंश मिसळला की आकडा चुकतो. अहवालात मुक्त चुन्याचा रकाना आवर्जून बघा. 10 टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबी-संत्र्याचा नाद सोडा. लोह मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि फवारण्यांचा खर्च दरवर्षी मागे लागतो.

भारी काळीत मीटरभर खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात कलमासाठी पाण्याची टाकीच. तिथे गादीवाफ्यावर लावा. खोल खड्डे हलक्या, मुरमाड जमिनीसाठी आहेत: एक मीटर लांब, रुंद, खोल घेऊन उन्हात तापू द्या आणि मृगाआधी पोयटा माती, 20-25 किलो कुजलेलं शेणखत व एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून जमिनीच्या थोडं वर येईल असं भरा. पहिल्या पावसात भराव खचतो. कलम तो बसल्यावरच लावा.