शनिवारी कॉलेज स्टेशनमध्ये बसायचं नसतं

दर ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून, सांगली-कोल्हापूरहून मुलं-मुली अमेरिकेतल्या कॉलेज स्टेशन या गावी, टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकायला येतात. भाड्याचं घर, बँकेचं खातं, मसाले कुठे मिळतात, हे सांगायला सीनियर असतातच. मी अमेरिकन फुटबॉलचं सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि माझं पहिलं वर्ष त्यापायी कोरडं गेलं. २०१५ साली मी साताऱ्याहून आले. शनिवारी अख्खं गाव विद्यापीठाच्या मरून रंगाचे कपडे घालून एकाच दिशेला निघायचं आणि मी लायब्ररीत एकटी. "आपल्याला काय करायचंय" असं म्हणत दिवाळी आली, थँक्सगिव्हिंग आलं. तुम्ही असं करू नका.

गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि काइल फील्ड या स्टेडियमची क्षमता १,०२,७३३. यावरून शनिवार कसा असेल ते समजा. कॅम्पसच्या पार्किंगमधली गाडी शुक्रवारी संध्याकाळीच हलवा, माझी एकदा उचलून नेली होती आणि सोडवताना महिन्याचा किराणा गेला. बसचे मार्ग बदलतात. बाजार करायचा तर सामना चालू असताना करा, दुकानं रिकामी असतात. स्टेडियममध्ये आरपार दिसणारीच पिशवी चालते, कॉलेजची सॅक घेऊन गेलात तर फाटकावरूनच परत. सप्टेंबरचं ऊन साताऱ्याच्या एप्रिलसारखं असतं, टोपी हवीच.

खेळ समजायला सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर लाथेने एक गुण, किंवा धाडस करून पुन्हा रेषा ओलांडली तर दोन. सुरुवातीला एवढं पुरे. बाकीचं शेजारी उभे असलेले काका-काकू सांगतात, आणि फार प्रेमाने सांगतात.

एक नियम मात्र मी कधी विसरणार नाही. २४ नोव्हेंबर २०१८, लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना. आम्ही ३१-२४ असे मागे, काही सेकंद उरलेले. आमच्या केलन मॉन्डच्या हातून चेंडू निसटला, त्याने तो उचलला, फेकला आणि समोरच्यांनी झेलला. खेळ खलास. त्यांच्या खेळाडूंनी जिंकल्याच्या आनंदात आपल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर थंड पेयाचं पिंपसुद्धा ओतलं. माझ्या पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत होती. मग पंचांनी पडद्यावर पाहिलं: चेंडू उचलताना मॉन्डचा गुडघा गवताला टेकला होता. कॉलेजच्या खेळात चेंडू हातात असताना गुडघा टेकला की तो प्रयत्न तिथेच संपतो, कोणी हात लावलेला असो वा नसो. व्यावसायिक एनएफएलमध्ये तसं नाही, तिथे प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श लागतो. म्हणजे तो झेल झालाच नव्हता! चेंडू परत आमच्याकडे आला, घड्याळावर एक सेकंद असताना शेवटचा पास टाकला गेला आणि ३१-३१ झाले.

पुढे बरोबरी सुटेपर्यंत सात जादा डाव (ओव्हरटाइम) झाले. ७२-७२ असताना मॉन्डने केंड्रिक रॉजर्सला दोन गुणांचा पास दिला आणि आम्ही ७४-७२ जिंकलो. जवळजवळ पाच तास मी उभी होते, घसा बसला होता, आणि अनोळखी लोक मला मिठ्या मारत होते. त्या रात्री मला हे गाव माझं वाटलं.

तरीही त्या सामन्यानंतर नियम बदलला ते योग्यच झालं असं मी म्हणते. आता तिसऱ्या जादा डावापासून दोन्ही संघ फक्त दोन गुणांचा एकेक प्रयत्न करतात. जुने लोक हळहळतात. पण सातव्या डावात ती एकोणीस-वीस वर्षांची पोरं धापा टाकत एकमेकांवर आदळत होती, ते मी पाहिलं आहे. डोक्यावर आघात करणाऱ्याला २०१३ पासून मैदानाबाहेर काढतात, त्या नियमावर तर स्टेडियममध्ये दर वेळी आरडाओरडा होतो. मी त्यात सामील होत नाही. मेंदू एकदाच मिळतो.

ही पोरं विद्यार्थीच आहेत हे लक्षात ठेवा. तुमच्यापैकी पुष्कळ जण टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे, व्हाल. माझ्या सकाळच्या लॅबमध्ये संघातला एक लाइनमन (पुढच्या फळीत भिडणारा खेळाडू) होता, पहाटेचा व्यायाम उरकून यायचा, गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या आणि वहीत टाचणं मात्र सगळ्यांपेक्षा नेटकी. सामन्याच्या प्रवासाचं पत्र आणलं तर परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या, मार्क मात्र सगळ्यांना देता तसेच द्या. आणि वर्गात फोटो मागू नका.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. २०१२ मध्ये आमचा जॉनी मॅन्झेल हा हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा, पुरस्कार मिळवणारा पहिला प्रथम वर्षाचा खेळाडू ठरला. त्याच्या २ क्रमांकाच्या जर्सी धडाधड विकल्या गेल्या. पुढच्या वर्षी सह्यांचे पैसे घेतल्याचा आरोप झाला, पुरावा मिळाला नाही, तरी त्याला अर्धा सामना बाहेर बसवलं. आणि २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशरना मुदतीआधी काढताना विद्यापीठाने साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं मान्य केलं. खेळाडूला स्वतःची सही विकता येत नव्हती, हा अन्याय होता. जुलै २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर कमावता येतं, २०२५ पासून विद्यापीठही थेट पैसे देऊ शकतं. पैशासाठी संघ बदलतात म्हणून त्यांना नावं ठेवणारे भेटतील. आपण चांगल्या फंडिंगसाठी विद्यापीठ बदललं तर घरचे पेढे वाटतात, मग त्यांनी काय पाप केलं? यात एकच गट मागे राहिला आहे, परदेशी खेळाडूंचा. आमच्याकडे मेलबर्नचा निक कॉन्स्टँटिनू पंटर, म्हणजे लाथेने चेंडू लांब उडवणारा, होता, असे ऑस्ट्रेलियन इथे बरेच खेळतात. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला बाहेर काम करून कमावण्याची बंधनं किती जाचतात ते तुम्हाला लवकरच कळेल. त्यांनाही तीच आहेत.

आता रीतीभाती. इथे सामनाभर विद्यार्थी बसत नाहीत. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसमधल्या सामन्यात आमचे खेळाडू एकामागून एक जखमी झाले. ई. किंग गिल हा विद्यार्थी वर पत्रकारांना मदत करत होता. प्रशिक्षकांनी खाली बोलावलं, त्याने जखमी गड्याचे कपडे चढवले आणि शेवटपर्यंत तयारीत उभा राहिला. खेळायची वेळ आली नाही, पण तेव्हापासून सगळे विद्यार्थी बारावा गडी. म्हणून उभं राहायचं. पाय दुखले तरी राहा, सवय होते.

प्रतिस्पर्ध्याची हुर्यो उडवायची नाही, ती इथली पद्धत नव्हे. सामन्याआधीच्या रात्री बारा वाजता स्टेडियममध्ये आरोळ्यांची तालीम होते, मिडनाइट येल, तिला एकदा तरी जा. विद्यापीठाच्या गाण्याच्या शेवटी सगळे एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून डुलतात तेव्हा पायाखालचं काँक्रीट हलल्यासारखं वाटतं, घाबरू नका. रेव्हली ही विद्यापीठाचं शुभचिन्ह असलेली कोली जातीची कुत्री दिसली तर मान द्या. आधीच्या रेव्हलींना स्टेडियमबाहेर पुरलं आहे, त्यांना गुण दिसावेत म्हणून तिकडे खास फलक लावला आहे.

दोन गोष्टींत चूक नको. एमएससी (मेमोरियल स्टुडंट सेंटर) या इमारतीत टोपी काढा आणि भोवतालच्या गवतावर पाय ठेवू नका, ते युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. आणि टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी कॅम्पसवर पूर्वीसारखी ओंडक्यांची होळी (बॉनफायर) का पेटत नाही, असं कोणाला सहज विचारू नका. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ओंडक्यांची ती रास कोसळली, १२ जण गेले, २७ जखमी झाले. स्मारकाच्या बारा कमानी त्या बारा जणांच्या गावांच्या दिशेने आहेत. सामना नसलेल्या संध्याकाळी, एकटेच जाऊन बघा.

पहिल्या घरच्या सामन्याला आम्ही तीन-चार मराठी घरं स्टेडियमजवळ झाडाखाली बसतो. वडापाव, कोकम सरबत आणि जास्तीच्या टोप्या असतात. सामन्याच्या दोन तास आधी गिलच्या पुतळ्यापाशी या, मी तिथे मरून कुर्ता घालून उभी असेन.