वर्ग सोडण्याआधी खिडकीवर जा

दर ऑगस्टमध्ये आमच्या फ्रीमाँटच्या घरी एखादं तरी नवं कुटुंब चहाला येतं. नणंदेने नाहीतर दिराने कधीकाळी भरलेल्या अर्जाचा नंबर लागलेला असतो. ग्रीन कार्ड हातात, बॅगा अजून अर्ध्या बांधलेल्या, वडिलांना दुकानात तासावर काम लागलेलं आणि मुलगी बारावी होऊन आलेली. चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "हिच्या कॉलेजचं काय करायचं हो?" तेवढ्यात सोबत आलेला आयटीतला भाचा म्हणतो, "कम्युनिटी कॉलेज? तिथे कोण जातं!"

मी गेले होते. आज मी एक्स-रे काढते ती त्याच जिवावर. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एच-वन घेऊन थेट मोठ्या कंपनीत उतरलेल्या आपल्या लोकांना या कॉलेजांची काहीच माहिती नसते, पण मतं मात्र ठाम असतात. कॅलिफोर्नियात अशी 116 सरकारी कॉलेजं आहेत. दोन वर्षं तिथे काढून पुढे युनिव्हर्सिटीत बदली घेता येते. या विषयावर भाच्याचं ऐकू नका.

आधी फी. इथे विषय युनिटांत मोजतात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर पडतात. बारा युनिट म्हणजे पूर्णवेळ, त्याचे 552 डॉलर. डी अँझा आणि फूटहिल या कॉलेजांत तिमाही पद्धत आहे, म्हणून तिथे युनिटला 31. रहिवासी धरण्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो. तोवर प्रवेश घेतला तर बऱ्याच ठिकाणी युनिटला तीनशेहून जास्त मोजावे लागतात. म्हणून पहिल्या वर्षी घाई करू नका. त्या वर्षात नॉन-क्रेडिट, म्हणजे पदवीत न मोजले जाणारे, इंग्रजीचे वर्ग करा, त्यांना फी नसते. घरभाड्याचा करार, बँकेचं पत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळं तारखेसकट जपून ठेवा, कारण पुढे तोच पुरावा.

आता मदत. दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं, कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. ही राज्याची, उत्पन्न कमी असेल तर युनिटची फी पूर्ण माफ करणारी. एकच विषय घेतला तरी मिळते. दुसरं, पेल ग्रँट. ही केंद्र सरकारची, आणि ती कर्ज नव्हे, परत करायची नसते. 2025-26 साठी वर्षाला जास्तीत जास्त 7,395 डॉलर. फी प्रॉमिसने माफ झाली की पेलचे पैसे जवळजवळ सगळे पुस्तकं, बसभाडं, घरखर्च यासाठी तुमच्या हातात येतात. दोन्ही एकदम घेता येतात. हे मी तीनदा सांगते तरी लोक विचारतात, "दोन्ही चालतं?" चालतं.

पेल युनिटच्या हिशेबाने मिळते: बारा युनिटला पूर्ण, नऊला तीन चतुर्थांश, सहाला निम्मी. त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी "आपण पार्टटाइम, आपल्याला कुठलं मिळतंय" म्हणून गप्प बसू नये. आयुष्यभरात मिळून पूर्णवेळची सहा वर्षं पुरेल एवढीच ती मिळते, म्हणून उगाच इकडचा-तिकडचा विषय घेऊन ती जाळू नका.

कॅल ग्रँट ही राज्याची आणखी एक. तिची मुख्य मुदत 2 मार्च, कम्युनिटी कॉलेजवाल्यांना 2 सप्टेंबरची दुसरी संधी असते. ईओपीएस नावाच्या कार्यक्रमात पुस्तकांना मदत आणि स्वतःचा सल्लागार मिळतो, त्याची चौकशी करा. कर्ज शेवटी.

एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या व्हिसावर, असलेल्यांना केंद्राची मदत मिळत नाही, पण एक वर्ष एक दिवसाचा नियम पूर्ण केला की रहिवाशाची फी लागू शकते. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्यांना तेही नाही. त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये.

पेल आणि बऱ्याचशा बाकी मदतीसाठी एकच अर्ज, फॅफ्सा. तो फुकट आहे. फु-क-ट. मागच्या वर्षी एका कुटुंबाने कुणाला तरी दीडशे डॉलर देऊन तो भरून घेतला आणि त्या माणसाने मुलीच्या खात्याला स्वतःचा इमेल लावला. ते खातं सोडवायला सहा आठवडे गेले.

फॅफ्सात आपले लोक कुठे अडकतात ते सांगते. एक, नाव. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच्या तसं. आपल्या पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम'मध्ये मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तसंच कार्डावर उतरतं, आणि मुलगी फॉर्मवर नुसतं स्वतःचं नाव लिहिते. मग जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर कार्ड एक, मार्कशीट दुसरी. कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर बघत भरा. दोन, इमेल. मुलाला वेगळं खातं, आईला वेगळं, बाबांना वेगळं. आपल्याकडे अख्ख्या घराचा एकच इमेल असतो आणि त्याचा पासवर्ड बाबांच्या डायरीत. इथे ते चालत नाही. आणि आईवडिलांनी कराची माहिती घ्यायला संमती दिली नाही, तर केंद्राची मदत शून्य. इथे कर भरलेला नसला तरीही संमती द्यावीच लागते. चोवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना आईवडिलांचं उत्पन्न दाखवावं लागतं. लग्न झालेल्यांना नवऱ्याचं किंवा बायकोचं.

तीन, आणि हे कुणी सांगत नाही: फॅफ्सा चालू वर्षाचं उत्पन्न विचारत नाही, दोन वर्षं मागचं विचारतो. 2026-27 च्या अर्जात 2024 चं. म्हणजे नव्याने आलेल्यांचं भारतातलं. ते रुपयांतून डॉलरमध्ये, अर्ज भरतानाच्या दराने मांडायचं. सांगलीत नऊ लाख कमावणाऱ्याचे इथे साधारण दहा हजार डॉलर होतात. तेव्हा ते लिहायला लाजू नका आणि वाढवूनही सांगू नका. तुमचं उत्पन्न इतकं कमी कसं, असं कुणी उपहासाने विचारत नाही.

पण इकडे येण्याआधी कोथरूडचा फ्लॅट विकला असेल तर मात्र त्या वर्षीचं उत्पन्न फुगलेलं दिसतं आणि पैसे बँकेत पडून असतात तेही मोजले जातात. राहतं घर मोजत नाहीत. पण पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट आणि सातबाऱ्यावर तुमच्या नावावर असलेली शेती ही मालमत्ता आहे, ती मोजतात, तुमच्या हिश्श्यापुरती. काही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हा प्रश्न विचारलाच जात नाही. विचारला तर खरं उत्तर द्या. आपल्यातच सांगणारे भेटतील, "भारतातलं कोण बघायला येतंय?" अर्जावरच छापलेलं असतं, खोटं लिहिलं तर वीस हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही. नोकरी गेली, फ्लॅटची विक्री एकदाच झाली, असं काही असेल तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात कागद घेऊन जा आणि 'प्रोफेशनल जजमेंट' मागा. त्यांना आकडे बदलायचा अधिकार असतो, तो स्वतःहून कुणी वापरत नाही.

आता पदवीचं प्रकरण. ज्याच्याकडे आधीच बॅचलर्स पदवी आहे त्याला पेल मिळत नाही, परदेशातली असली तरी. माझी बी.कॉम. दुसऱ्या वर्षी लग्नामुळे सुटली होती, वीस वर्षं त्याचं वाईट वाटलं आणि इथे फायनान्शियल एड ऑफिसच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "पदवी नाही? मग तुम्ही पात्र." त्या दिवशी शिक्षण अर्धवट राहिल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं. माझी जाऊ मात्र शिवाजी विद्यापीठाची तीन वर्षांची बी.कॉम. पदवी आहे का, या प्रश्नाला तिने "नाही" असं लिहू नये म्हणून मी तिला बजावलं, आणि तिने लिहिलं नाही. पण इथे एक वाट आहे. आपली पदवी इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची नाही, असा लेखी दाखला कॉलेजला दिला तर ते वेगळा निर्णय घेऊ शकतात. तीन वर्षांच्या पदवीला मूल्यांकन करणाऱ्या काही संस्था पूर्ण बॅचलर्स मानतात, काही नुसतं तीन वर्षांचं शिक्षण. नोकरीसाठी पहिला अहवाल हवा, पेलसाठी दुसरा. गंमत आहे, पण तसंच आहे. आधी कॉलेजला विचारा, त्यांना कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो, मगच पैसे भरा. प्रॉमिस ग्रँटला मात्र पदवी आड येत नाही. जावेची फी त्यातूनच माफ झाली. आणि निघायच्या आधी विद्यापीठातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट काढून आणा, दोन-चार जास्तीच्या. इथून कोल्हापूरला फोन करून ते काढणं म्हणजे काय असतं ते जावेला विचारा.

आता माझी चूक. 2014 चं स्प्रिंग सेमिस्टर. बारा युनिट, त्यात ॲनाटॉमी, जिच्याशिवाय एक्स-रेच्या कोर्सला अर्जच करता येत नाही. पेलचे पैसे खात्यात आले होते. पाचव्या आठवड्यात सांगलीहून फोन आला, आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. मी ॲनाटॉमीच्या बाईंना एक इमेल टाकला आणि विमानात बसले. फी माफ आहे, परीक्षा पुढच्या सत्रात देऊ, असं माझं डोकं. आपल्याकडे कॉलेज सुटलं म्हणजे सुटलं, कुणी हिशेब मागत नाही.

मे महिन्यात परत आले तर दारातल्या पेटीत तीन पत्रं. पहिल्यात लिहिलं होतं, सत्राचे साठ टक्के दिवस पूर्ण होण्याआधी गेलात, म्हणून जेवढे दिवस हजर होतात तेवढीच पेल तुमची, उरलेल्यातला एक भाग परत करा. पाचशेच्या वर डॉलर. दुसऱ्यात, ते परत होईपर्यंत कुठलीही केंद्रीय मदत बंद. तिसऱ्यात, घेतलेल्या युनिटपैकी एकही पूर्ण केलं नाही, म्हणून 'समाधानकारक प्रगती'च्या नियमात तुम्ही बसत नाही. हा नियम बहुतेक कॉलेजांत दोन गोष्टी बघतो: गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, 2.0 आणि घेतलेल्या युनिटपैकी साधारण 67 टक्के पूर्ण. माझं पूर्ण शून्य. पाचशे डॉलर मी चार महिन्यांत फेडले, एका दुकानात रात्री माल लावून. पण ॲनाटॉमीची जागा गेली, पुढच्या वर्षीची यादी भरली होती, आणि एक्स-रेच्या कोर्सला मी दीड वर्ष उशिरा लागले. आईच्या दवाखान्याची कागदपत्रं लावून अपील केलं तेव्हा मदत परत सुरू झाली. ते अपील आधीही करता येतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे, मी निघण्याआधी त्या खिडकीवर दहा मिनिटं गेले असते तर विषय कमी करून किंवा तारीख बघून काहीतरी मार्ग निघाला असता. सोळा आठवड्यांच्या सत्रात साठ टक्के साधारण दहाव्या आठवड्यात येतात. ती तारीख सत्र सुरू व्हायच्या दिवशीच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. शिक्षकांना कळवणं म्हणजे ऑफिसला कळवणं नव्हे. आजारपण, लग्न, बाळंतपण, भारतातलं काही, नोकरीचे तास वाढले, काहीही असो, वर्ग सोडण्याआधी खिडकीवर जा. वर्ग न सोडता नुसतं जाणं बंद करणं तर त्याहून वाईट; सगळ्याच विषयांत एफ, म्हणजे नापास, पडले की ते मधेच गेलेल्यासारखंच मोजतात, आणि पैसे मागतात.

मागच्या डिसेंबरात मंडळातल्या एका मुलीचं तसंच चाललं होतं. मावशीचं लग्न, तीन आठवडे नाशिक. मी तिला गाडीत बसवून ऑफिसात नेलं. बाई म्हणाल्या, फायनलला चार दिवस उशीर होईल एवढंच, शिक्षिकेला 'इन्कंप्लीट', म्हणजे विषय नंतर पूर्ण करायची सवलत, मागा. मुलगी लग्नाला गेली, आणि आल्यावर परीक्षा दिली.

आणि लाज. सरकारकडून पैसे घेणं म्हणजे कमीपणा, असं आपल्या लोकांना वाटतं, विशेषतः गावाकडे ज्यांचं नाव आहे त्यांना. एक काका मला म्हणाले, "आम्ही कुणापुढे हात पसरला नाही." त्यांच्या मुलाने मग क्रेडिट कार्डावर फी भरली. मी काकांना काही बोलले नाही, चहाचा दुसरा कप दिला.

ऑफिसात जायचं तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊ नका, रांग बाहेरच्या झाडापर्यंत येते. जूनमध्ये जा, सकाळी नऊला. ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, भारतातल्या उत्पन्नाचे कागद आणि डबा सोबत ठेवा. दुपारी जेवायला खिडकी बंद असते.