क्रिमिनॉलॉजी शिकताय? कोकणातल्या पोरांनो, या चुका टाळा

मी दापोली तालुक्यातली. क्रिमिनॉलॉजीत, म्हणजे गुन्हेगारीशास्त्रात, एमए केलं आणि आता ओळखीतल्या ज्युनिअर पोरापोरींच्या असाइनमेंट, डिझर्टेशन (शेवटचा प्रबंध) वाचून देते. दरवर्षी तीच गंमत, सॉरी गंमत नाही, त्रास होतो बघून, पोरं हुशार असतात, मेहनत पण करतात आणि तरी मार्क जातात ते त्याच त्याच ठिकाणी. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

पहिली चूक ॲडमिशनलाच होते. "पोलिसात जायचंय म्हणून क्रिमिनॉलॉजी घेतलं" असं निम्मे जण सांगतात. अरे पण शिपाई भरतीला बारावी पास चालतं, पीएसआयच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, आणि शिपाई भरतीच्या लेखी पेपरात मराठी, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान येतं, तिथे क्रिमिनॉलॉजीचा अभ्यास तुमच्या कामाला येणार नाही. मैदान तर वेगळंच, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं ते धावायचंच. भरती हेच ध्येय असेल तर त्याची तयारी वेगळी करा, दोन्हीची वेळ एकत्र धरू नका. ज्यांना लॅबमध्ये काम करायचंय त्यांचं अजून वेगळं, त्यांना फॉरेन्सिक सायन्स हवं आणि त्याला बारावी सायन्स लागतं. आपल्याला जवळ म्हणजे गोव्यात फोंड्याला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस आहे, मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हा का होतो, कुणाबाबत होतो, यंत्रणा त्यावर काय करते याचा अभ्यास, समाजशास्त्राला जास्त जवळचा. हे आधी कळलं की पुढचा बराच मनस्ताप वाचतो. आणि खाजगी कॉलेजची जाहिरात बघून पैसे भरू नका, विद्यापीठाला मान्यता आहे का ते यूजीसीच्या यादीत स्वतः बघा.

आता मुख्य चूक, माझ्या मते सगळ्यात मोठी. थिअरी पाठ असते आणि स्वतःची वाडी दिसत नाही.

रूटीन ॲक्टिव्हिटी थिअरी सगळ्यांना येते. कोहेन आणि फेल्सन हे दोन अमेरिकन संशोधक, १९७९, तीन गोष्टी एका जागी एका वेळी आल्या की गुन्हा घडतो: करायला तयार माणूस, सोयीचं लक्ष्य, आणि राखण करणारं कुणी नसणं. एवढं लिहितात आणि खाली उदाहरण देतात अमेरिकेतलं, पुस्तकातलंच. अमेरिकेतल्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बदलांवर त्यांनी ते मांडलं होतं हे खरं, माणसं दिवसभर घराबाहेर राहायला लागली आणि घरात उचलून नेता येतील अशा हलक्या महागड्या वस्तू आल्या. पण हे वाचताना तुम्हाला गावातली बंद घरं आठवत नाहीत? चाकरमानी मुंबईला, म्हातारी माणसं गेली किंवा मुलाकडे राहायला गेली, घराला कुलूप, आत देव्हारा, तांब्या-पितळेची भांडी, शेजारचं घर पण बंद, मधे नुसतं रान. गणपतीत आणि मे महिन्यात गाव भरतं आणि मग परत रिकामं होतं, म्हणजे राखण कोण करतंय हे महिन्यागणिक बदलतं. तुमच्या थिअरीचा तिसरा पाय तुमच्या पडवीसमोर उभा आहे आणि तुम्ही शिकागोला जाताय. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं हेच केलेलं, गावातली किती घरं वर्षात किती महिने बंद असतात हे तिला तोंडपाठ होतं आणि तिच्या वीस पानांत त्यातली एक ओळ नव्हती! मी विचारलं तर म्हणाली, ताई, ते काय अभ्यासाचं थोडीच आहे. तेच अभ्यासाचं आहे गो.

याच्याच पोटातली दुसरी चूक, गुन्हा म्हटलं की फक्त पोलीस ठाणं डोळ्यासमोर येतं. एकाला एलईडी मासेमारीवर (समुद्रात प्रखर दिवे लावून मासे ओढायचे ती) डिझर्टेशन करायचं होतं, तो ठाण्यात चार हेलपाटे मारून आला आणि रडकुंडीला आला. पण ते काम मुळात मत्स्यव्यवसाय खात्याचं, राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि तो तेच खातं राबवतं. खवले मांजराची तस्करी असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा, म्हणजे वनखात्याकडे पण जावं लागणार. गोवा बनावटीची दारू असेल तर पोलिसांसोबत राज्य उत्पादन शुल्क, सावंतवाडीजवळ इन्सुलीला त्यांचाच तपासणी नाका आहे. समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत सागरी पोलिसांची हद्द धरतात, पुढची मुख्य जबाबदारी तटरक्षक दल आणि नौदलाची. १९९३ ला रायगडात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, २००८ ला अतिरेकी समुद्रातूनच आले, त्यामुळे किनाऱ्याच्या पोलिसिंगवर लिहायचं असेल तर कुणाची हद्द कुठे संपते याचा एक साधा तक्ता पहिल्या दिवशीच काढा. अडकलात की तक्त्याकडे बघायचं, बहुतेक वेळा चुकीच्या खात्याच्या दारात उभे असता.

जुनी कलमं. हे पटकन सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहिता) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, तरी पोरं अजून ३०२, ४२० लिहितात. खून आता १०३, फसवणूक ३१८, एफआयआर सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १५४ ऐवजी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. घरफोडी शोधताय तर जुन्या एफआयआरमध्ये ३८०, ४५४, ४५७ दिसेल आणि नव्यात ३०५, ३३१. मात्र त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच लागतं, त्यामुळे २०२२ ते २०२५ असा काळ घेतलात तर दोन्ही कलमं शोधावी लागतील, नाहीतर तुम्हाला वाटेल जुलै २०२४ नंतर घरफोड्याच थांबल्या. मी असा ग्राफ खरोखर बघितलाय.

आकड्यांचं तर विचारू नका. "आमच्या ठाण्यात घरफोड्या १०० टक्के वाढल्या", कशा, तर चारच्या आठ झाल्या. इतक्या छोट्या संख्येवर टक्केवारी काढायची नाही, सरळ संख्या द्या आणि पाच वर्षांच्या द्या. दर काढताना भागायचं कशानं तेही बघा, २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या साधारण साडेआठ लाख होती, २००१ पेक्षा कमी झालेली, आणि गणपतीत प्रत्यक्षात किती माणसं असतात ते वेगळंच. शिवाय एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातले गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, 'क्राईम इन इंडिया' अहवालात एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी सगळ्यात गंभीर तो एकच मोजतात. आणि आपल्याकडची बांधावरची, सामायिक जमिनीची, पाणंदीची भांडणं? त्यातली कितीतरी एनसी (अदखलपात्र) म्हणून नोंदून संपतात, ती दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यात येतच नाहीत. म्हणून "कोकणात गुन्हेगारी कमी" असं बिनधास्त लिहू नका, "नोंद झालेली कमी" असं लिहा. एका शब्दानं उत्तर बदलतं.

एक चूक अशी आहे की ती वाचली की मला राग येतो. "बाहेरचे लोक आले आणि गुन्हे वाढले." पुरावा काही नाही, गावात बोलतात म्हणून लिहिलं. बोटींवर खलाशी म्हणून, आंब्याच्या बागेत राखणदार म्हणून नेपाळी माणसं वर्षानुवर्षं राबतायत, वर सांगितलेल्या थिअरीत राखण करणारा जो आहे ना तो बऱ्याच ठिकाणी तोच माणूस आहे. इटलीच्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरनं १८७६ मध्ये कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार ठरवले, आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर शिक्का मारला, तो कायदा १९५२ ला गेला पण शिक्का अजून पुसला नाही. परीक्षेत पहिल्या प्रश्नात लोंब्रोसोवर टीका करायची आणि तिसऱ्या प्रश्नात तेच आपण करायचं, असं करू नका प्लीज.

फिल्डवर्कला परवानगी मिळत नाही ही तक्रार खरी आहे. मला पण एका ठाण्यात तीन आठवडे "उद्या या" ऐकावं लागलं होतं, शेवटी कळलं की पत्र ठाण्याच्या नावानं नाही तर पोलीस अधीक्षकांच्या नावानं, विभागप्रमुखांच्या सहीनं न्यायचं असतं. तरी नाही मिळालं तर थांबू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर बघता येतात. माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज होतो, उत्तराला ३० दिवस धरा, आणि चालू तपासाचं काही मागू नका, ते नाकारतील, महिन्यानुसार नुसती संख्या मागा. पोलीस पाटलांशी बोला, तंटामुक्त समितीत काम केलेल्या माणसांशी बोला. फक्त पीडितांच्या बाबतीत जपून, लैंगिक गुन्ह्यात नाव किंवा ओळख पटेल असं काहीही लिहिणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतःच गुन्हा आहे, आणि छोट्या गावात तर "वाडीतली शाळेतली मुलगी" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं.

शेवटचं प्रकरण, उपाय. नव्वद टक्के पोरं लिहितात "पोलीस गस्त वाढवावी". अमेरिकेतल्या कान्सास सिटीत १९७२-७३ मध्ये हेच तपासून बघितलं होतं, काही भागात गाडीतली नेहमीची गस्त वाढवली, काही भागात बंद केली, गुन्ह्यांत म्हणावा असा फरकच पडला नाही. गाईडला हे माहीत असतं. त्या बंद घरांवाल्या मुलीनं पण आधी गस्तच लिहिलेली. मग ती गावी जाऊन आठ दिवस राहिली, घरं मोजली, आणि ते वाक्य खोडून तिथे लिहिलं की गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात पोलीस पाटलांनी कुलूप लागलेल्या घरांची यादी करावी, चावी आणि फोन नंबर कुणाकडे आहे ते त्यात असावं, आणि बीट अंमलदारानं त्या यादीतली ज्यांच्या शेजारी कुणीच उरलं नाही ती घरं आधी बघावीत. तिच्या वाडीत अशी अकरा घरं होती.