अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं निदान: रक्त देताना आणि रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पायाच्या शिरेत विनाकारण गुठळी होते, तरुण वयात पक्षाघाताचा झटका येतो, नाहीतर दहाव्या आठवड्यानंतर गर्भ पोटातच दगावतो. अशा वेळी डॉक्टर अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची, म्हणजे एपीएसची, शंका घेतात. या आजारात शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी (प्रतिपिंडं) तयार करतं आणि त्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात. शंका बहुधा योग्यच असते. घोळ होतो तो रक्त कधी काढलं आणि रिपोर्ट कसा वाचला यात.

एकाच तपासणीवर भागवणं

या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासण्या तीन आहेत: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. शेवटच्या दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम असे अँटिबॉडींचे दोन्ही प्रकार तपासावे लागतात. नुसतं कार्डिओलिपिन निगेटिव्ह आलं म्हणून एपीएस नाही असं ठरत नाही. गुठळीशी सर्वांत घट्ट नातं ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचं आहे आणि तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांना धोका सर्वाधिक.

एपीटीटी वाढला म्हणजे रक्तस्राव होणार, असं मानणं

हा आजार इथेच भल्याभल्यांना चकवतो. एपीटीटी म्हणजे ट्यूबमध्ये रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी. तिच्यात रक्त गोठायला फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ लागतो. या अँटिबॉडी नेमक्या त्यालाच अडकून बसतात, म्हणून ट्यूबमध्ये रक्त उशिरा गोठतं. शरीरात मात्र त्या गुठळ्यांना चालना देतात. तेव्हा प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळता उरणारा द्रव) चढवून हा आकडा ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. आधी मिक्सिंग चाचणी करावी: रुग्णाच्या प्लाझ्मात तेवढाच निरोगी प्लाझ्मा मिसळायचा. गोठण-घटकांची कमतरता असेल तर वेळ पूर्ववत होते. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट असेल तर सहसा होत नाही.

रक्त पातळ करणारं औषध चालू असताना सॅम्पल देणं

सर्वाधिक चुकीचे रिपोर्ट इथून निघतात. रिव्हारोक्साबॅनसारख्या गोळ्यांमुळे डीआरव्हीव्हीटी, म्हणजे ल्युपस शोधण्याची नव्हे तर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट शोधण्याची एक चाचणी, खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. वॉरफरिनवर निकालाचा अर्थ लावणं अवघड. लो-मॉलेक्युलर हेपॅरिनचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान १२ तासांनी, पुढचा डोस घेण्याआधी रक्त द्यावं. औषध मनाने बंद करू नका. चालू औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लॅबच्या फॉर्मवर लिहून द्या. कार्डिओलिपिन आणि बीटा-२ या तपासण्यांना ही औषधं आड येत नाहीत, त्या लगेच करून घेता येतात.

ताज्या गुठळीच्या दिवसांतला निकालही बेभरवशाचा असतो. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेला असेल तर एपीटीटीवर आधारित चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊन फसवते. फॅक्टर ८ हा गोठण-घटक वाढलेला असेल तर उलट, खरी अँटिबॉडीही झाकली जाऊ शकते.

लॅबकडूनही चुका होतात. ३.२ टक्के सायट्रेटची निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरायला हवी: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. प्लाझ्मा ४ तासांच्या आत, दोनदा सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) वेगळा करावा. प्लेटलेट उरल्या आणि सॅम्पल गोठवलं, तर त्या फुटून फॉस्फोलिपिड सोडतात आणि कमजोर अँटिबॉडी निगेटिव्ह दिसते.

पहिल्याच पॉझिटिव्हवर शिक्का मारणं

संसर्गानंतर या अँटिबॉडी काही काळ दिसून नाहीशा होतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. याचा अर्थ तोवर उपचार थांबवायचे असा नव्हे. गुठळी झाली असेल तर औषध पहिल्या दिवसापासूनच चालू राहतं.

आकडाही पाहा. अँटिबॉडी ४० युनिटच्या खाली असतील तर त्यांना फारसं वजन नाही. २०२३च्या एसीआर-युलार (अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटना) निकषांत ४० ते ७९ मध्यम आणि ८० पासून पुढे जास्त असं धरलं आहे आणि एकट्या आयजीएमला फार कमी गुण आहेत. मात्र ते निकष संशोधनासाठी आहेत. समोरच्या रुग्णाचं निदान डॉक्टरच करतात.

निदानानंतर सोयीची गोळी मागणं

वॉरफरिन घेताना लागणारी वारंवार आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ पाहणारी) तपासणी नको म्हणून रिव्हारोक्साबॅन मागितली जाते. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असणाऱ्या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत वॉरफरिनच्या तुलनेत तिच्यावर गुठळ्या जास्त झाल्या आणि ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. गर्भधारणेत मात्र वॉरफरिन चालत नाही, तिथे कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देतात. बोट टोचून आयएनआर मोजणारं यंत्र या रुग्णांत खोटा जास्त आकडा दाखवू शकतं, त्यामुळे डोस कमी करण्याआधी शिरेतून रक्त काढून लॅबमध्ये पडताळून घ्या.