इंग्रजी कवितेला चाल लावताय? आधी 'द'ला समेवरून उठवा

इंग्लिश मीडियमच्या शाळेत संगीत शिकवत असाल तर हा सीन ओळखीचा असेल. गॅदरिंगला दीड महिना उरलेला असतो, एक मॅडम झेरॉक्स हातात देतात आणि म्हणतात सर ही पोएम जरा बसवा ना, पाचवीची सगळी मुलं एकत्र म्हणतील अशी. आपण पण हो म्हणतो, कारण चाल लावायला काय लागतं, पेटी काढायची, केरवा ताल (चार-चार मात्रांचा) धरायचा, झालं.

मी पण तेच केलं होतं पहिल्यांदा. चाल गोड झाली होती हो, मुलं गुणगुणत घरी जायची, पण कार्यक्रम झाल्यावर एक आजोबा भेटले, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढलेले, आणि त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं की मुलं मधेमधे 'दऽऽऽऽ' म्हणून जे लांबवत होती तो शब्द कुठला? तो शब्द म्हणजे 'द', इंग्रजीतला the. विंडच्या आधीचा 'द'. मी त्याला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर बसवून चार मात्रा खेचला होता, वर एक छोटी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पण दिली होती.

चूक का होते ते नीट समजून घ्या, एकदा हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. आपण मनाचे श्लोक आणि आरत्या म्हणत वाढलोय, त्यामुळे आपला कान लघु-गुरू मोजतो, दीर्घ अक्षर आलं की दोन मात्रा, ऱ्हस्व आलं की एक, आणि कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा याने आपल्याला फारसा फरक पडत नाही. इंग्रजी कविता जोरावर चालते. ओळीत काही अक्षरं ठासून येतात आणि बाकीची त्यांच्या मधल्या फटीत पटकन उरकली जातात. द, अँड, ऑफ, अ ही सगळी फटीतली मंडळी, आणि फटीतल्या मंडळींना समेवर बसवलं की इंग्रजी कानाला ते, समजा 'पंढरपूर' म्हणताना कोणी नुसत्या 'ढ'वर उडी मारावी, तसं ऐकू येतं.

म्हणून पेटी नंतर. आधी कविता मोठ्याने वाचा, चालीत न वाचता बोलल्यासारखी, आणि जिथे जोर येतो तिथे टाळी द्या. स्वतःच्या उच्चाराची खात्री नसेल तर इंग्रजीच्या मॅडमना वाचायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या, यात लाज कसली.

आता एक कविता घेऊनच दाखवतो. क्रिस्टिना रोझेटी या इंग्लिश कवयित्रीची वाऱ्याची कविता, 1872 च्या तिच्या बालकवितांच्या पुस्तकातली, शाळांमध्ये अजून शिकवतात. 'हू हॅज सीन द विंड? नीदर आय नॉर यू. बट व्हेन द लीव्ह्ज हँग ट्रेम्ब्लिंग, द विंड इज पासिंग थ्रू.' टाळी द्या: हू, सीन, विंड. नी, आय, यू. पहिल्या दोन ओळी टाळीवरच सुरू होतात, म्हणजे सरळ समेवरून उचला. तिसरी ओळ मात्र 'बट'ने सुरू होते आणि टाळी 'व्हेन'वर पडते, म्हणजे 'बट' समेच्या आधी, मागच्या ओळीच्या शेवटच्या मात्रेवर घ्यायचा. चौथीतला 'द' पण तसाच, मागून उचलायचा. आपल्या बंदिशींचे मुखडे नाही का समेच्या आधीपासून उठतात, अगदी तेच, फक्त इथे तुमची मर्जी चालत नाही, कुठून उठायचं ते कविता ठरवते.

मी लावलेली चाल देतो, चार-चार मात्रांची, सगळे स्वर शुद्ध:

हू हॅज सीन द | विंड : प म ध प | ग – – –
नीदर आय नॉर | यू, बट : ग रे म ग | रे – ० सा
व्हेन द लीव्ह्ज हँग | ट्रेम्ब्लिंग, द : ग ग प प | सां नी ० प
विंड इज पासिंग | थ्रू : ध प म रे | सा – – –

शून्य म्हणजे श्वास, आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर धरून ठेवायचा. यात तीन 'द' आहेत आणि तिन्ही दुसऱ्या नाहीतर चौथ्या मात्रेवर गेलेत, एकही समेवर नाही. दुसरी ओळ म्हणजे पहिलीचीच, दोन स्वर खाली उतरवून, म्हणजे मुलांना नवीन काही पाठ करावं लागत नाही, फक्त शेवटी सा न घेता रे वर थांबलोय कारण वाक्य अजून संपलेलं नाही. सगळ्यात वरचा स्वर 'ट्रेम'ला, जोरदार अक्षराला. हे पण सांभाळायचं, कारण मात्रा बरोबर असली तरी फालतू अक्षर सगळ्यात उंच स्वरावर गेलं की जोर तिकडेच पळतो. आणि प्रश्न आहे म्हणून ओळीच्या शेवटी स्वर वर न्यायची घाई नको, 'हू'वाला प्रश्न इंग्रजीत बोलताना बहुतेक वेळा शेवटी खालीच येतो.

आता खरी गंमत दुसऱ्या कडव्यात. बहुतेक जण पहिलं कडवं बसवतात आणि मुलांना सांगतात दुसरं पण असंच म्हणा, आणि प्रॅक्टिसला सगळी गाडी अडकते. दुसऱ्या कडव्यातली तिसरी ओळ आहे 'बट व्हेन द ट्रीज बाऊ डाऊन देअर हेड्स'. मोजा. पहिल्यात 'ट्रेम्ब्लिंग' दोन अक्षरांत संपतं आणि शेवटचं अक्षर हलकं, इथे मात्र 'डाऊन देअर हेड्स' तीन अक्षरं आणि शेवटचं 'हेड्स' चांगलं ठोस. म्हणून पहिल्या कडव्यात जिथे श्वास ठेवला होता तिथे 'हेड्स' बसवायचं, सां नी नी प असं. चाल तीच राहते पण श्वासाची जागा गेली, म्हणजे मुलांनी आधीच्या ओळीच्या शेवटी, 'नीदर यू नॉर आय'मधलं 'आय' म्हणून झालं की पोटभर श्वास घेऊन ठेवायचा आणि दोन ओळी एका दमात काढायच्या. पाचवीच्या मुलांना जमतं, लय फार संथ ठेवली नाही तर. तर नियम काय, चाल फायनल करायच्या आधी सगळी कडवी त्यात म्हणून बघा, सगळी म्हणजे सगळी.

पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते. लहान मुलांसाठी मधल्या पांढरी एकपासून (इंग्रजी C) वरच्या पांढरी दोनपर्यंत, फार तर तीनपर्यंत, एवढीच जागा आहे असं समजा. वरची चाल पांढरी दोनच्या सा मध्ये बरोबर बसते. आपण मोठी माणसं आपल्या गळ्याच्या सोयीने पट्टी धरतो आणि मग मुलं खाली घोगरी घोगरी पुटपुटतात आणि आपण ओरडतो की आवाज येत नाही, कसा येणार.

हा प्रकार मूळचा इंग्लंडचा. 'युनिसन साँग' म्हणजे सगळ्यांनी एकाच सुरात एकच चाल म्हणायची, आपल्या समूहगीतासारखं, खाली पियानो वेगळं काहीतरी वाजवत असतो. आणि हे करणारे लोक साधे नव्हते, संगीतकार ह्यूबर्ट पॅरीने 1916 मध्ये विल्यम ब्लेकच्या कवितेला लावलेली युनिसन चाल आजही तिथे राष्ट्रगीताच्या थाटात म्हणतात. होल्स्टसारखा मोठा संगीतकार 1905 पासून लंडनच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होता. माझा लाडका म्हणजे संगीतकार बेंजामिन ब्रिटन. त्याचा भाऊ वेल्समध्ये प्रेस्टॅटिनच्या एका शाळेचा हेडमास्तर होता, तिथे शुक्रवारी दुपारी मुलांची गाण्याची वेळ असायची, तर ब्रिटनने 1933 ते 35 मध्ये त्या मुलांसाठी 12 गाणी केली आणि संग्रहाला नाव पण शुक्रवार दुपारचंच दिलं. शेवटच्या गाण्यात मुलांचे गट एकच चाल एकामागून एक सुरू करतात, म्हणजे चाल एकच शिकायची आणि ऐकायला मात्र चार आवाजांचं. त्याच्याकडून ही युक्ती चोरा.

आणि एक, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) येत नाही म्हणून घाबरू नका. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळांत जॉन कर्वेनने डो-रे-मी अक्षरांनीच गायला शिकवलं, मूळ कल्पना नॉरिचच्या सारा ग्लोव्हर बाईंची, आणि त्यात डो आपल्या सा सारखाच सरकता, गाण्याची पट्टी असेल तिथे डो. म्हणजे फळ्यावर सारेगम लिहून इंग्रजी गाणं शिकवणं यात काही गावठी नाही.

उच्चारांवर मात्र वेळ घालवा, इथेच आपली मुलं घसरतात. 'विंड' लांबवला की 'वीऽऽन्ड' होतो, हा 'ई' नको, स्वर छोटाच ठेवून लांबवायचा, 'वि' आणि 'वे'च्या मधे कुठेतरी, आणि ओठ 'ऊ' म्हणायला गोल करतो तसे करून सुरू करायचा. 'ट्रेम्ब्लिंग'चं 'ट्रेम-बि-लिंग' होऊ देऊ नका, मात्रा वाढते. 'विंड इज' जोडून 'विंडिज'. 'आय' लांबवताना 'आ' धरायचा आणि 'य' अगदी शेवटी, नाहीतर 'आयीऽऽ' होऊन हॉलमधल्या सगळ्या आया वळून बघतात. 'नीदर' का 'नायदर' ते पहिल्या दिवशी ठरवा, दोन्ही बरोबर आहेत पण चाळीस मुलं अर्धी-अर्धी म्हणाली की चिखल. आणि 'विंड'चा शेवटचा 'ड' सगळ्यांचा एकदम, हाताने कट दाखवा, नाहीतर ड-ड-ड-ड असा पत्र्यावर पाऊस पडतो.

सगळ्या कविता केरव्यात कोंबू नका. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची आगगाडीची कविता आहे, 1885 च्या संग्रहातली, 'फास्टर दॅन फेअरीज, फास्टर दॅन विचेस', ती वाचतानाच गाडी धावते, धा धी ना धा ती ना, सरळ सरळ सहा मात्रांचा दादरा. तिला चार मात्रांत बसवणं म्हणजे रुळावरून बैलगाडी नेणं. पण लय आवरा, पुढे शब्द असे गच्च येतात की मुलांच्या जिभा अडकतात.

कॉपीराइट. आपल्याकडे कवी गेल्यावर 60 वर्षं. रोझेटी आणि स्टीव्हन्सन दोघेही 1894 मध्ये गेले, खुशाल घ्या. हल्लीच्या कवीची कविता असेल तर परवानगी मागा, निदान यूट्यूबवर टाकायच्या आधी तरी.

साथीला पेटी पुरे, पण मुलांची चाल जशीच्या तशी सतत वाजवत बसू नका, शिकवताना ठीक आहे, कार्यक्रमात एकदा सूर दिला की खाली सा-प धरा आणि मुलांना सोडून द्या. कीबोर्ड असेल तर तो ऑटो रिदम बंद, तो डिस्को ठेका सुरू झाला की रोझेटी बाईंचा वारा डीजेच्या गाडीत बसतो. शेवटच्या कडव्यात दहा-बारा मुलांना नुसतं 'हूऽऽ' करत वरच्या सा वर ठेवा, हळू, तोंड अर्धवट मिटून. बाकीच्यांचा 'द विंड इज पासिंग बाय'मधला 'बाय' संपला तरी त्यांचं चालूच राहू द्या चार मात्रा, मग तुम्ही हात खाली आणा.