कोकराचा बाप डीएनएने शोधताना या चुका टाळा

कार्तिकातली पहाट होती. वाघरीत रात्रीतून चार मेंढ्या व्यायल्या होत्या. एक मेंढी दोन कोकरं चाटत होती, शेजारची जार न पडलेली मेंढी नुसती ओरडत फिरत होती. आम्ही वहीत पहिलीच्या क्रमांकापुढं 'जुळी' असं लिहिलं आणि पुढच्या कामाला लागलो. नंतर डीएनएचा अहवाल आला, तर त्यातल्या एका कोकराची ती आईच नव्हती. व्यायला टेकलेली मेंढी दुसरीचं कोकरू चाटून आपलंसं करते, हे बालाघाटच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. वहीत लिहिताना मात्र आपण ते विसरतो.

लॅबला फक्त नमुना दिसतो. तो कोणत्या जनावराचा, हे आपण लिहून देऊ तेच ती खरं धरते. त्यामुळं बहुतेक घोळ लॅबमध्ये होत नाहीत, वाड्यावर होतात.

सगळ्यात महाग चूक: एका मेंढ्याचा नमुनाच नाही

लॅब डीएनएतल्या काही ठरावीक जागा तपासते, त्यांना खुणा म्हणू. कोकराला प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. ज्या मेंढ्याकडे ती बापाची प्रत नाहीच, तो यादीतून बाद होतो. असं बाद करत करत जो उरतो, तो बाप. आता खरा बाप यादीतच नसला तर? एकतर सगळेच बाद होतात, नाहीतर त्याचा एखादा सख्खा भाऊ उरतो आणि आपण त्याच्या नावानं वंशावळ लिहून बसतो.

आपल्याकडे हे सहज घडतं. मेंढा बकरी ईदला विकला जातो. चराईला लांब गेल्यावर दुसऱ्या खांडातला मेंढा एका रात्रीसाठी आत शिरतो. 'अजून लहान आहे' म्हणून कळपातच ठेवलेलं सात-आठ महिन्यांचं नर कोकरू मेंढी गाभण करू शकतं, त्याला तर कुणी मोजतच नाही. मेंढी साधारण १५० दिवस गाभण असते. म्हणजे कोकरू दोन महिन्यांचं झाल्यावर बाप शोधायला निघालात, तर सात महिन्यांपूर्वी कळपात कोण कोण होतं ते आठवावं लागतं. कुणाला आठवतं? म्हणून मेंढा कळपात सोडायच्या दिवशीच त्याचा नमुना घेऊन ठेवा. चाचणी नंतर करता येईल, पैसेही नंतर भरता येतील, पण विकलेल्या मेंढ्याचं रक्त नंतर मिळत नाही.

हे इतकं कळकळीनं सांगतोय, कारण आपल्या दख्खनी कळपांत घरचाच मेंढा वर्षानुवर्षं फिरतो. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या कोकरात अंतःप्रजनन (नात्यातल्या संकराचं प्रमाण) २५ टक्क्यांवर जातं. मग कोकरं अशक्त निघतात, मरतात, आणि आपण चाऱ्याला दोष देतो.

मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावला, की तो कुणावर चढला ते मेंढीच्या पाठीमागं दिसतं. माज साधारण १७ दिवसांनी फिरून येतो, तेव्हा रंग बदलायचा. ही जुनी युक्ती यादी आखूड करायला फार कामाची आहे. पण एकाच माजात दोन मेंढे लागले तर जुळ्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. जुळ्यांतल्या एकाचाच नमुना पाठवून दुसऱ्याचं गृहीत धरू नका.

नमुना घेताना

कातरलेली लोकर पाठवू नका, तिला मूळ नसतं. रक्त घ्यायचं तर जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या आणि लगेच आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करा, नाहीतर गुठळी होते. रक्ताचा थेंब नमुन्याच्या कागदी कार्डावर घेतला असेल तर ते सावलीत पूर्ण वाळवा. आमची सहा कार्डं एकदा घाईत ओलसरच पॉलिथिनमध्ये गेली आणि दोन दिवस मोटरसायकलच्या डिकीत राहिली. उघडली तेव्हा लाल ठिपक्यांवर करडी बुरशी धरली होती. सहाही मेंढ्या पुन्हा धरून नमुने घ्यावे लागले. कागदी पाकीटच वापरा.

कानाचा तुकडा काढणारा चिमटा दर जनावरागणिक पुसून स्पिरिटनं स्वच्छ करा. एका जनावरात एका जागी जास्तीत जास्त दोनच प्रती असतात. अहवालात तीन दिसल्या तर दोन जनावरांची सरमिसळ झाली, असं समजून नवा नमुना द्या.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक पूर्ण लिहा, शेवटचे चार आकडे पुरत नाहीत. एकानं मोठ्यानं वाचावा, लिहिणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवावा.

अहवाल विचित्र आला तर

सगळे मेंढे बाद झाले, तर वर सांगितलेला विसरलेला मेंढा शोधा. दोन मेंढे उरले, तर ते बहुधा भाऊ किंवा बाप-लेक असतात. अशा वेळी जास्त खुणा तपासायला सांगा आणि कोकराच्या आईचाही नमुना द्या. आईची प्रत कळली की बापाची कोणती ते स्पष्ट होतं. एकाच खुणेवर विसंगती असेल तर मेंढ्याला लगेच बाद करू नका. उत्परिवर्तनानं (डीएनएत आपोआप झालेल्या बदलानं) किंवा वाचनातल्या चुकीनं असं होतं, ती खूण पुन्हा तपासून घ्या.

दोन कोकरं आपापल्या आईशी जुळत नाहीत, पण एकमेकांच्या आईशी जुळतात? मग पाकिटं अदलाबदल झाली असतील किंवा पिलंच. काही चाचण्यांत लिंगही कळतं. वहीतली मादी अहवालात नर निघाली, तर पाकिटांचाच घोळ.

आणखी एक गल्लत. जुळी देणाऱ्या जनुकाची चाचणी केली म्हणजे बापही कळेल, असं काहीजण समजतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणलं. त्या जनुकाची चाचणी एकच जागा बघते. तिच्यावरून बाप ठरत नाही.

नमुने घेण्याआधी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, मेंढीची ही चाचणी कुठं होते आणि कशाचा नमुना चालतो. नर मेंढ्यांची चाचणी एका लॅबमध्ये मायक्रोसॅटेलाइटवर (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) आणि कोकरांची दुसरीकडे स्निपवर (डीएनएतला एकाच अक्षराचा फरक) केली, तर खुणाच वेगळ्या असल्यानं दोन्ही अहवाल जुळवताच येत नाहीत. वाळलेली जास्तीची कार्डं मात्र पत्र्याच्या डब्यात कोरडी ठेवा. उद्या लॅब बदलली, तर विकलेल्या मेंढ्याचं तेवढंच हाती असतं.